सगळे खातात तेच

१

झोपेची वेळ संपल्याची घंटा झाली आणि बालवाडीतली सगळी पोरं उठली. कोणी डोळे चोळत, कोणी भोकाड पसरत, कोणी शेजारच्याची उशी ओढत. एक तेवढी उठली नाही. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ही पोर एका जागी टिकेल तर शपथ. त्या दिवशी मात्र ती भिंतीकडे तोंड करून निपचित पडली होती. वर्गाच्या ताईंनी "ऊठ गं सोने" म्हणत तिच्या खांद्याला हात लावला आणि घाबरून मागे घेतला. फ्रॉक घामानं चिंब झाला होता, दातखीळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार दवाखान्यात आले. निवृत्तीला टेकलेला माणूस, पोट सुटलेलं, आवाज खर्जातला. चोर-दरोडेखोर परवडले, पण लहान मुलांचं प्रकरण त्यांना नको वाटायचं. काचेपलीकडे भिंगरी नळ्यांच्या गुंत्यात पडली होती. शेजारी तिच्या वर्गाच्या ताई बसल्या होत्या, तिचा हात हातात धरून. रात्रभर हलल्या नव्हत्या म्हणे.

"मोठ्यांना होतो तसला मधुमेह नाही हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. म्हणून ती जेवढं गोडधोड खाईल, त्या हिशेबानं टोचावं लागतं. काल रक्तातली साखर पार तळाला गेली होती. मेंदू उपाशी राहिला, साहेब. शुद्धीवर येईल की नाही, आली तर कशी येईल, मला आज विचारू नका."

"तळाला जाते कशानं?"

"टोचलं जास्त, नाहीतर खाल्लं कमी. खेळून दमलं तरी थोडी उतरते, पण ही तर झोपलेली होती."

ताईंनी मान वर केली. डोळे सुजले होते. "खाल्लं हो तिनं! मी समोर बसून भरवलं. जेलीचा कप अगदी चाटूनपुसून स्वच्छ. वरून ग्लासभर सरबत. थोडंफार सांडलं असेल तेवढंच काय ते ॲप्रनवर."

म्हणजे उरलं एकच कारण. फौजदारांनी विचारलं, "आणि टोचतं कोण?"

"तिची आई," ताई हळूच म्हणाल्या. "त्या दुसऱ्या कोणाला सुईला हातही लावू देत नाहीत."

२

आई जिन्यात बसली होती. वर जायची तिला बंदी होती. भिंगरीच्या आत्यानं रात्रीच तक्रार नोंदवली होती, आणि तक्रार होती तरी कशी, की ही बाई पोरीला कंटाळली होती, "सुटेन एकदाची" असं चारचौघांत म्हणाली होती. वरच्या साहेबांचा हुकूम आला होता: उद्या संध्याकाळपर्यंत निकाल लावा, नाहीतर आईला अटक करा आणि पोरीचा ताबा आत्याकडे द्या. बाप केव्हाच घर सोडून गेला होता, त्यामुळे बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

"म्हणालात तुम्ही तसं?" फौजदार तिच्या खालच्या पायरीवर टेकले.

"म्हणाले." तिनं नजर चुकवली नाही. "रात्र रात्र जागते मी, साहेब. झोपेत तिची साखर कुठं जाईल, काय होईल. एकदा जीव मेटाकुटीला आला आणि गेलं तोंडातून. कोणती आई म्हणत नाही?"

ती बालवाडीसमोरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. खाऊच्या वेळी हातातली इस्त्री उभी करून रस्ता ओलांडायची. बालवाडीच्या दाराशी एक फळी होती. पोरांना काय मिळणार आहे हे आईबापांना दिसावं म्हणून त्या दिवशीच्या खाऊचा एक कप त्या फळीवर ठेवायची पद्धत होती. भिंगरीची आई त्यातला एक चमचा जिभेवर घ्यायची, गोडीचा अंदाज घ्यायची आणि मग टोचायची. एवढ्या कपाला एवढं इन्सुलिन, हे दवाखान्यानं पूर्वीच ठरवून दिलं होतं. ही जिभेनं फक्त खात्री करायची.

"काल गोड होती जेली?"

"नेहमीसारखीच. गोडमिट्ट. सुईच्या पेनात शेवटचा डोस दिसतो, तोही बघा ना. नेहमीचाच आहे."

"तो पाहिला. वरचे म्हणतात, दुसऱ्या सुईनं पुन्हा टोचलं असेल."

तिनं जिन्यावरून वर पाहिलं. म्हणाली, "मला एकदा तिच्याजवळ बसू द्या. तिला अंधाराची भीती वाटते. डोळे मिटलेत म्हणजे तिला अंधारच असणार ना?"

हे असलं काही ऐकलं की फौजदार नाक शिंकरायचं निमित्त करत. रुमाल खिशात घालत त्यांनी विचारलं, "बालवाडीत तिला वेगळं काही द्यायचे?"

"छे! मीच बजावून ठेवलंय. घरी नणंदबाई तिचं ताट वेगळं मांडतात. सगळी पोरं केक खाणार आणि हिच्यापुढं काकडी. कोपऱ्यात बसून टुकूटुकू बघायची हो ती! म्हणून ताईंना सांगून टाकलं, इथं सगळे खातात तेच तिला द्या. सुईचं काय ते मी बघते." मग अचानक तिचा आवाज फाटला. "आणि अलीकडे तर तिचे साखरेचे आकडे कधी नव्हेत इतके छान येत होते! मला वाटलं, देव पावला."

३

बालवाडीच्या दारावर चकचकीत पाटी होती: 'इथे पौष्टिक खाऊ मिळतो.' पाटीखालच्या फळीवर पोरांचे कप पालथे घालून ठेवले होते. कप पालथा म्हणजे खाऊ संपला. न्यायला आलेली आई आधी कप बघणार, मग पोर. कप उताणा दिसला की पोराची खरडपट्टी ठरलेली.

"जेली आणि सरबत," फौजदार म्हणाले. "ह्यात पौष्टिक ते काय?"

मोठ्या बाई, म्हणजे बालवाडीच्या मुख्य, जरा चुळबुळल्या. "तेच आहार निरीक्षक म्हणाले. ह्यात साखर, पाणी आणि रंग, बाकी शून्य. अंडी द्या, फळं द्या, डाळीचं काही द्या. दिलं की आम्ही! पोरांनी शिवलं नाही. कप उताणे राहिले आणि पालक माझ्या अंगावर धावून आले. मग पुन्हा जेली."

"आणि ही पाटी?"

"निरीक्षक पुन्हा आले, तेव्हा आम्ही सांगितलं की साखर निम्मी केली."

"केली होती?"

"सांगितलं, असं म्हणाले मी." मोठ्या बाईंचे कान लाल झाले.

स्वयंपाकघरातल्या मावशींना हे बोलणं ऐकू गेलं असावं, कारण त्या पदराला हात पुसत तरातरा बाहेर आल्या. "निम्मी कशाला करीन मी? माझं माप ठरलेलं आहे. जेलीत, सरबतात, डब्यातून भरभरून घालते. आणि साहेब, जेलीला नावं ठेवू नका. पोटं बिघडलीत ती हवा बदलल्यामुळं."

"कोणाची पोटं बिघडली?"

"सगळ्यांचीच! आधी थोडंथोडं, आता तर रोज. चड्ड्या धुवून धुवून हाताची सालं गेली माझ्या." मागच्या अंगणात दोरीवर खरंच इवल्याइवल्या चड्ड्यांची रांग वाळत होती.

कोठीची किल्ली मोठ्या बाईंकडे असायची. मावशींचे गुडघे धरलेले, त्यामुळे स्टुलावर चढून वरच्या फळीवरची साखर काढायची आणि स्वयंपाकघरातला डबा भरायचा, हे काम ताई शाळा सुटल्यावर करत. "गुणाची पोर," मावशी म्हणाल्या. "स्वतःची चप्पल पिन लावून वापरते, पण माझ्या गुडघ्याला मलम आणून देते. पोरांवर तर जीव टाकते."

फौजदारांनी डबा उघडला. पांढरेशुभ्र दाणे. सोबतच्या हवालदारानं चिमूटभर तोंडात टाकून मान डोलावली. "साखरच आहे, साहेब." डबा झाकून फौजदारांनी त्याला समोरच्या लाँड्रीच्या झडतीला पाठवलं. मागच्या उंबऱ्यावर खडूच्या जुन्या, पुसट रेघा होत्या.

"ह्या कसल्या?"

"मुंग्यांसाठी मारायचे. पूर्वी जीव खाल्ला होता मेल्यांनी. जेलीचं पातेलं खाली ठेवायची सोय नव्हती. हल्ली फिरकत नाहीत, म्हणून रेघ मारायचंही सोडून दिलं."

वर्गात खुंट्यांवर ॲप्रन टांगले होते. भिंगरीच्या ॲप्रनवर लाल जेलीचा मोठा डाग वाळला होता. शेजारच्या खुंटीवर कोणाची तरी पिशवी होती, त्यात अर्धं बिस्कीट विसरलेलं. भिंतीवरून मुंग्यांची रांग चढत होती. ती भिंगरीच्या ॲप्रनवरून गेली, लाल डागाच्या कडेनं वळली आणि सरळ पिशवीत शिरली. फौजदार ते बघत उभे राहिले. काहीतरी खुपलं त्यांना, पण काय, ते चिमटीत धरता येईना.

तेवढ्यात हवालदार धावत आला. "साहेब, लाँड्रीत झडती घेतली. त्या बाईच्या पिशवीत दुसरी सुई सापडली!"

४

"जादाची ठेवते मी. पेन बिघडलं तर?" आईनं एवढंच सांगितलं आणि पुन्हा जिन्यात जाऊन बसली. आत्या मात्र चौकीत येऊन खुर्ची अडवून बसली होती. "आता आणखी काय पुरावा पाहिजे तुम्हाला? मी कानीकपाळी ओरडत होते, पोरीला गोड देऊ नका, गोड विष आहे तिला! पण ऐकेल तर ना ती!"

"गोड देऊ नका, असं तुम्ही आणखी कोणाला सांगितलं होतं?"

"बालवाडीत जाऊन सांगितलं! त्या ताईला. तीच एक शहाणी. ऐकून रडली बिचारी."

आत्या गेली. फौजदार टेबलाशी बसून राहिले. बायकोनं थर्मासमधून चहा दिला होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना साखर तोडायला सांगितली, तेव्हापासून ह्या घरात साखरेचा दाणा दिसला तर नाव बदलीन, असं तिनं जाहीर केलं होतं. चहात साखरेऐवजी त्या बारक्या गोड गोळ्या पडायच्या. गोड लागायचा, पण समाधान नाही.

"साहेब, कालचा कप तसाच राहिलाय तुमचा," हवालदार टेबल आवरत कुरकुरला. "आणि माझा बघा! अर्धा घोट राहिला होता, तर कपात मुंग्याच मुंग्या. आमच्याच कपाशी ह्यांचं वैर का? तुमच्या चहाला त्या कधी तोंड लावत नाहीत. साहेबांना घाबरतात की काय!"

फौजदारांनी स्वतःच्या कपाकडे पाहिलं. मग हवालदाराच्या. आणि उठले ते टोपी न घेताच.

बालवाडीत त्यांनी मावशींकडून तो डबा मागून घेतला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून मूठभर साखर आणली होती. मागच्या उंबऱ्यावर त्यांनी दोन चिमटी टाकल्या, एक चहावाल्याच्या साखरेची आणि एक डब्यातली, आणि पायरीवर बसकण मारली. मावशी हवालदाराला खुणेनं विचारत होत्या, डोकंबिकं फिरलं का ह्यांचं? हवालदारानं खांदे उडवले.

मुंग्या आल्या. चहावाल्याच्या साखरेवर झुंबड उडाली. डब्यातल्या दाण्यांपाशी एक-दोन आल्या, मिशा हलवल्या आणि माघारी फिरल्या.

फौजदारांनी ते दाणे जिभेवर ठेवले. गोड. अगदी साखरेसारखे गोड. मग दाणे विरघळले तसा जिभेला गारवा लागला, पेपरमिंट खाल्ल्यावर लागतो तसा.

"ही साखर नाही," ते म्हणाले. "हिनं जीभ फसते. रक्त नाही फसत."

"अगं बाई!" मावशींनी तोंडावर हात नेला. "मग पोरांची पोटं..."

"ह्यानंच. एवढ्याशा जिवांना रोज कपभर दिल्यावर दुसरं काय होणार? कप चाटूनपुसून खाल्ला तिनं, ताई खोटं बोलल्या नाहीत. आईनं नेहमीचंच टोचलं, तीही खोटं बोलली नाही. ती सुई साखर शोधत पोरीच्या अंगात गेली आणि तिथं साखर नव्हतीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, टोचलं जास्त नाहीतर खाल्लं कमी. पोरीनं पोटभर खाल्लं, मावशी, आणि काहीच खाल्लं नाही."

हवालदारानं विचारलं, "म्हणजे मोठ्या बाई? पाटीसाठी?"

"साखर निम्मी न करता ज्यांनी पाटी मिळवली, त्या कशाला असल्या भानगडीत पडतील? आणि खरंच काढली असती, तर ढोल वाजवून सांगितलं असतं." फौजदार जड पावलांनी उठले. त्यांना आता कुठं जायचं होतं ते कळलं होतं, आणि जायची मुळीच इच्छा नव्हती.

५

ताई तशाच बसल्या होत्या, भिंगरीचा हात हातात घेऊन. पायाशी चपला काढून ठेवलेल्या, एकीचा पट्टा पिनेनं अडकवलेला. फौजदारांनी खुर्ची ओढली.

"महाग असते ना ती भुकटी?"

ताई दचकल्या. मग त्यांनी डोळे पुसले, आणि फौजदारांना वाटलं होतं तसं काही झालं नाही. त्या लपवायला बघत नव्हत्या. उलट, कोणीतरी विचारलं ह्याचंच त्यांना बरं वाटलं.

"तुम्हाला कळलं? मोठ्या बाईंना सांगू नका हं. माझ्याच पगारातून आणते मी. तिच्या आत्या म्हणाल्या, गोड विष आहे तिला. आणि आई म्हणाल्या, तिला वेगळं देऊ नका. मग काय करणार? रोज टोचताना ती माझा पदर धरून रडायची, साहेब. मी म्हटलं, सगळ्यांचीच साखर काढून टाकावी. कोणाला कळणार पण नाही, गोड तर लागतंच. आईंनी सांगितलं तसंच केलं मी. सगळे खातात तेच तिला दिलं."

"एकदम काढलीत?"

"नाही, नाही. आधी निम्मी मिसळायची. किती फरक पडला! पूर्वी झोपेच्या वेळी धिंगाणा घालायची, ती गपगार पडायला लागली. थोडा घाम यायचा, पण झोप शांत. आकडे छान आले म्हणून तिची आई हसली, मी पहिल्यांदा पाहिलं त्यांना हसताना. मग परवा मी डबा पूर्ण रिकामा केला, घासला आणि सगळी तीच भरली. म्हटलं, आता हळूहळू सुईच सुटेल हिची."

फौजदारांनी रुमाल काढला, पुन्हा खिशात घातला. सांगायचं कसं? तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माणसांना खुनाचे आरोप ऐकवले होते, पण हे त्यातलं नव्हतं.

"ताई, ती गपगार पडायची ती झोप नव्हती."

"म्हणजे?"

"साखर कमी पडायची तिला. सुई होती, साखर नव्हती. परवापर्यंत निम्मी होती, म्हणून निभावलं. काल काहीच नव्हतं."

ताईंना ते लगेच समजलं नाही. त्यांनी फौजदारांकडे पाहिलं, मग नळीतून थेंब थेंब उतरणाऱ्या साखरेच्या पाण्याकडे पाहिलं. दवाखान्यात पोरीला साखर देत होते. कालपासून त्यांच्या डोळ्यांसमोर देत होते. त्यांनी भिंगरीचा हात अगदी अलगद गादीवर ठेवला, जणू आपल्या हातानं आणखी काही होईल, आणि उभ्या राहिल्या.

"तिच्या आईला वर बोलवा," त्या म्हणाल्या. "मी जाते खाली."

जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. हवालदारानं आईला सगळं सांगितलं होतं. ती अंगावर धावून जाईल म्हणून तो मध्ये उभा राहिला, पण ती कठडा धरून उभी राहिली.

"मला एकदा विचारायचं होतंस गं," ती म्हणाली. "एकदा."

ताईंच्या चपला वरच राहिल्या होत्या, त्या अनवाणीच हवालदारामागून गाडीत जाऊन बसल्या.

भिंगरीनं दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. आईला ओळखलं, पण "आई" हा शब्द काही केल्या तोंडातून नीट निघेना, आणि डावा हात उचलला जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही परत येईल, काही येणारच नाही, किती ते काळ ठरवेल. आत्या आली होती, पण दारातूनच परत गेली. कागद पुरे करायला आलेले फौजदार पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. आत्यानं तक्रार मागे घेतल्याचं त्यांनी सांगितलं. आईनं ऐकल्यासारखी मान हलवली, लक्ष पोरीवर.

नर्सनं वाटी आणून दिली. "चमच्यानं द्या थोडं थोडं. साखरेचं पाणी आहे."

आईनं चमचा भरला. सवयीनं आधी स्वतःच्या जिभेला लावला, आणि हात थांबला.

"गोड लागतंय," ती म्हणाली. तिनं पुन्हा चव घेतली. मग नर्सकडे पाहिलं, मग फौजदारांकडे. "ह्यात साखर आहे ना, साहेब?"

"आहे, बाई. मीच कालवली," नर्स म्हणाली.

"हो, पण साखरच ना?"

फौजदारांनी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं. ह्यापलीकडे त्यांनाही काही सांगता येईना.

चमचा हवेत तसाच राहिला. भिंगरी तोंड उघडून वाट बघत होती.